विजेची गुणगुण साक्ष देते

‘मी पैसे घेतले नाहीत’ या वाक्यातील शेवटचा शब्द कापला, की नकाराची कबुली होते. असे कापलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून न्यायालयात आले, तर ते ओळखायचे कसे?

हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईतील एका महापालिका कारकुनाला लाच देऊ केल्याच्या खटल्यात 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत पुरावा म्हणून स्वीकारली. मात्र फितीवरील मजकूर पुसता येतो, म्हणून असा पुरावा सावधपणे तपासावा, असेही बजावले. ती फीत सीलबंद केलेली नव्हती, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

आता फितीऐवजी मोबाइलमधील फाइल असते. संगणकावर शब्द कापला, तर कानाला सांधा जाणवत नाही. पण बोलण्यामागे बहुधा आणखी एक आवाज मुद्रित झालेला असतो : विजेच्या उपकरणांची गुणगुण.

समजा, पांढरकवड्याच्या एका वर्गात चोक असलेली जुनी ट्यूबलाइट लागलेली आहे. आपल्या प्रत्यावर्ती विद्युतधारेची वारंवारता सुमारे 50 हर्ट्‌झ असते. प्रत्येक आवर्तनात धारा दोनदा महत्तम होते, त्यामुळे चोकचा लोखंडी गाभा दोनदा थरथरतो. म्हणून गुणगुण 100 हर्ट्‌झची. एका तरंगाचा काल 0.01 सेकंद. आता मुद्रणातून 0.505 सेकंदाचा तुकडा कापला, तर 50.5 तरंग गेले. उरलेली टोके जोडल्यावर जेथे शिखर यायला हवे, तेथे दरी येते. 100 हर्ट्‌झजवळचा आवाज गाळून वेगळा काढला, की तरंगाच्या कलेतील ही उडी आलेखात दिसते.

दुसरी खूण वेळेची. मागणी व पुरवठा यांच्या चढउतारानुसार वारंवारता 50 च्या किंचित खालीवर होत राहते. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेले. तेव्हापासून पांढरकवडा आणि चेन्नई येथील हे चढउतार सारखेच असतात. म्हणून जाळ्याच्या नोंदींशी तुलना करून मुद्रणाची वेळ पडताळता येते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उघड्या शेतात गुणगुण नसते. फाइल फार दाबून लहान केली, तर ती पुसट होते. पूर्ण तरंगांचाच तुकडा कापला, तर कलेत उडी दिसत नाही. म्हणून तज्ज्ञ पार्श्वभूमीचे इतर आवाज, खोलीतील प्रतिध्वनी आणि फाइलची रचनाही तपासतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’ द्यावी लागते. फाइलमधील सर्व अंकांवरून गणिताने काढलेली ही खूण असते. एक अंक बदलला, तरी ती बदलते. हे आजचे सील होय. पण सील लावण्यापूर्वी काय घडले, हे सील सांगत नाही. ते मूळ मुद्रणालाच विचारावे लागते. म्हणून केवळ प्रत न पाठवता, ज्या यंत्रावर मुद्रण झाले ते यंत्र जपून ठेवणे महत्त्वाचे.