मुलांच्या मापाचे मैदान

मोठ्यांचा खेळ मुलांना शिकवायचा म्हणजे बहुधा आपण तेच मैदान, तीच बॅट आणि तोच चेंडू त्यांच्या हाती देतो. मग दहा वर्षांच्या मुलाची फेक अर्ध्यावरच पडली, की ‘याला खेळता येत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. मैदानच त्याच्या मापाचे नाही, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या कार्ल स्टॉट्झ या साध्या नोकरदार गृहस्थाच्या ते लक्षात आले. १९३८ च्या उन्हाळ्यात आपल्या दोन भाच्यांशी खेळताना त्याला मुलांसाठी वेगळी बेसबॉल लीग काढण्याची कल्पना सुचली. ऑगस्टमध्ये त्याने आळीतली मुले गोळा केली आणि मैदानाची वेगवेगळी मापे अजमावून पाहिली.

बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ‘बेस’ असतात आणि चेंडू टोलवणारा खेळाडू एकापाठोपाठ एक ते गाठत धावतो. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधले अंतर नव्वद फूट असते. स्टॉट्झने ते साठ फुटांवर आणले. म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या दोन्ही बाजूंच्या यष्टींमधल्या अंतराहूनही सहा फूट कमी! आता मुलांची फेक बेसपर्यंत पोहोचू लागली आणि धावणारा व फेकणारा यांची खरी चुरस होऊ लागली.

मैदान ठरले, पण पैसे कुठून आणायचे? स्टॉट्झ गावातल्या व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. छप्पन्न ठिकाणी नकार मिळाल्यावर लायकोमिंग डेअरी तयार झाली, असे सांगतात. तिच्या पाठोपाठ लंडी लंबर ही लाकडाची कंपनी आणि जंबो प्रेट्झेल हे पुढे आले. असे तीन संघ उभे राहिले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला आणि लंडी लंबरने लायकोमिंग डेअरीला २३–८ असे हरवले. हीच ‘लिटल लीग’. १९४७ मध्ये तिची पहिली मोठी स्पर्धा विल्यम्सपोर्टलाच झाली आणि त्यानंतर ही चळवळ देशभर पसरली.

पण मैदान मुलांच्या मापाचे झाले, तरी कोणत्या मुलांच्या, हा प्रश्न उरलाच होता.

१९५५ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टन इथल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाने राज्य स्पर्धेत नाव नोंदवले. त्यांच्याशी खेळावे लागू नये म्हणून राज्यातल्या एकसष्ट गोऱ्या लीग बाहेर पडल्या. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तेव्हा हा संघ न खेळताच विजेता ठरला. मग नियमावर बोट ठेवण्यात आले : जो संघ मैदानात खेळून जिंकलेला नाही, त्याला पुढे जाता येणार नाही. मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून मात्र बोलावले. त्यांनी थोडा सराव केला. ‘खेळू द्या त्यांना’ अशा आरोळ्या प्रेक्षकांतून उठल्या. पण मुलांना बाहेर बसून दुसऱ्यांचे सामने पाहावे लागले. पुढे २००२ मध्ये लिटल लीगने त्यांना राज्य विजेतेपदाचा मान दिला. तेव्हा ती मुले साठीच्या उंबरठ्यावर आली होती.

मुलींची गोष्टही अशीच. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग इथली कॅथरिन जॉन्स्टन वेण्या कापून, ‘टबी’ असे मुलाचे नाव सांगून संघात शिरली. खरे कळल्यावरही तिच्या प्रशिक्षकाने तिला खेळवले. मात्र त्यानंतर मुलींना बंदी करणारा नियम आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनची बारा वर्षांची मारिया पेपे तीन सामने खेळली. तिला काढले नाही, तर तुमच्या लीगची मान्यता जाईल, असा इशारा वरून आला आणि तिला थांबावे लागले. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेले. १९७३ मध्ये निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४ मध्ये लिटल लीगने दार उघडले. तोवर मारियाचे वय उलटून गेले होते. २०१४ मध्ये मोने डेव्हिस या मुलीने विश्वमालिकेत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकून दिला, तेव्हा त्या दाराचे मोल सगळ्यांना दिसले.

आणि खुद्द स्टॉट्झ? लीगवर व्यवसायाची पकड बसते आहे, असे त्याला वाटू लागले. १९५५ मध्ये वाद कोर्टापर्यंत गेला आणि अखेर तो आपणच काढलेल्या संस्थेपासून दूर झाला. तरी गावातली लहानशी लीग त्याने चालूच ठेवली. १९९२ मध्ये तो वारला.

आज ऐंशीहून अधिक देशांत लिटल लीग खेळली जाते. नव्वदाचे साठ फूट करायला एक उन्हाळा पुरला. सगळ्या मुलांना आत घ्यायला मात्र दशके लागली, आणि त्या दशकांत ज्यांचे बालपण संपून गेले, त्यांना ते सामने परत मिळाले नाहीत. आपल्या वसाहतीत मुलांचे संघ पाडताना कठड्यावर कोण बसून राहिले आहे, हेही एकदा पाहायला हवे. बालपणाचा मोसम फार लहान असतो.