काडीसारखा दिसणारा पतंग आणि गॅलापागोसचं संकटात सापडलेलं झाड

ट्यूबलाइटजवळच्या भिंतीवर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी वाळकी काडी चिकटलेली दिसली, तर झटकण्याआधी नीट बघा. तो प्लूम मॉथ, म्हणजे पिसांसारख्या पंखांचा पतंग असू शकतो. बहुतेक जातींत पुढचे पंख दोन भागांत आणि मागचे तीन भागांत विभागलेले असतात. बसताना तो पंख गुंडाळून घेतो, म्हणून काडीसारखा दिसतो.

याच कुटुंबातला एक छोटासा सदस्य इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किमी दूर, गॅलापागोस बेटांवर राहतो. त्याचं नाव अडायना स्केलेसिए. शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद केली.

नाव असं का?

त्याच्या अळ्या स्केलेसिया या वनस्पतीवर वाढतात. स्केलेसिया सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या सुमारे 15 प्रजाती आहेत आणि त्या गॅलापागोसशिवाय जगात कुठेच नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत. काही झुडपं आहेत, तर एक प्रजाती चक्क उंच झाडांचं जंगल तयार करते.

मग अडचण काय?

माणसांनी आणलेल्या बकऱ्यांनी काही बेटांवर स्केलेसिया फस्त केली. सांताक्रूझ बेटावर शेतीसाठी जंगल तुटलं. तिथे उंच स्केलेसियाच्या मूळ जंगलाचा अगदी थोडा भाग उरला आहे. त्यातही एक काटेरी वेल-झुडूप घुसलंय, रुबस निवियस. याचं दुसरं नाव वाचून दचकाल: मैसूर रास्पबेरी! ते मूळचं भारतासह आशियातलं. फळांसाठी तिकडे नेलं आणि ते रानात पसरलं.

स्केलेसियाची झाडं अनेकदा एकाच वेळी मरतात आणि जमिनीवर पडलेल्या बियांतून नवी पिढी उगवते. पण रास्पबेरीची दाट जाळी ऊन खालपर्यंत पोहोचूच देत नाही. रोपं आली नाहीत, तर म्हाताऱ्या झाडांची जागा घेणार कोण?

उपाय चालू आहेत का?

हो. काही बेटांवरून बकऱ्या पूर्णपणे हटवल्या गेल्या. सांताक्रूझवर रास्पबेरी तोडून, तणनाशक मारून काही पट्टे मोकळे केले जातात. मात्र जमिनीतल्या बियांतून ती पुन्हा उगवते, म्हणून हे काम वर्षानुवर्षं करावं लागतं.

गॅलापागोस म्हटलं की महाकाय कासवांचे फोटो व्हायरल होतात. पण एखादी वनस्पती गेली, की तिच्यावर पोसणारे असे बारीकसारीक जीवही तिच्यासोबत गुपचूप जातात.