डीपीआय नव्हे, पिक्सेल मोजा

दिवाळी अंकांचे काम सुरू झाले की लेखकांना एक निरोप हमखास जातो : ‘फोटो ३०० डीपीआयचा पाठवा.’ लेखक फोटोशॉप उघडतात, ७२ खोडून ३०० लिहितात आणि फाइल पाठवून मोकळे होतात. अंक हातात आल्यावर फोटो फाटलेला दिसतो आणि बोल लागतो छापखान्याला.

डीपीआय वाढवला की फोटोचा दर्जा वाढतो, हा या क्षेत्रातला सगळ्यांत चिवट गैरसमज. फाइलमध्ये तो आकडा म्हणजे निव्वळ सूचना असते : कागदावर एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३००ने छापला तर ४ इंच रुंद येईल, १५०ने छापला तर ८ इंच. फोटो तोच, पिक्सेलही तेवढेच. ए-फोर आकाराचे अख्खे पान ३००ने भरायचे तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या, म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोत ते सहज मावतात, मग फाइलवर ७२ लिहिलेले असले तरी काही बिघडत नाही. म्हणून संपादकांनीही डीपीआय न मागता पिक्सेल मागावेत. निम्मा घोळ तिथेच मिटेल.

फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’ खिडकीत ‘रिसॅम्पल’ नावाची चौकट असते. तिची खूण काढून ७२चे ३०० केले तर पिक्सेलना धक्का लागत नाही, फक्त छापील आकार इंचांत कमी दिसतो. खूण तशीच ठेवली तर १२०० पिक्सेलचे ५००० होतात. फाइल जड होते, पण वाढलेले पिक्सेल शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. हल्लीची एआयवर चालणारी साधने हा अंदाज फार सफाईने करतात, तरी पाटीवरची जी अक्षरे कॅमेऱ्याने टिपलीच नाहीत, ती खरी कुठून आणणार?

‘वेबसाठी ७२ डीपीआयच हवा’ हेही असेच. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते, तिथून हा आकडा चिकटला. आजचे ब्राउझर तो वाचून फोटोचा आकार ठरवत नाहीत. फ्लेक्सच्या बाबतीत लोक उलट्या टोकाला जातात. २० फुटी फ्लेक्सला ३०० डीपीआय मागणाऱ्याने गुणाकार करून पाहावा : ७२,००० पिक्सेल. जेपेगमध्ये एका बाजूला ६५,५३५हून जास्त पिक्सेल मावतच नाहीत. आणि चौकातला फ्लेक्स कोणी नाक लावून पाहत नाही. लांबून पाहायच्या गोष्टीला इंचामागे बरेच कमी पिक्सेल पुरतात.

आता एक्स्पोर्टच्या वेळची क्वालिटीची पट्टी. ती १००वर नेली की काहीच गमावले जात नाही, असे बहुतेकांना वाटते. पण हा आकडा टक्केवारी नव्हे. लाइटरूममध्ये पट्टी ० ते १०० असते, फोटोशॉपच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ० ते १२. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे तपशील त्यांतून वगळते. १००लाही थोडे वगळले जातेच. ८०-८५ला फाइल बरीच हलकी होते आणि फरक शोधूनही सापडत नाही. १००चा हट्ट मला तरी जागेची नासाडी वाटतो.

जेपेग नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने मात्र झिजत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा छाटणी होते.

भरतीचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांची अडचण वेगळी. आयबीपीएसच्या अर्जासाठी फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा लागतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो क्वालिटी कमी करत-करत ५० केबीत कोंबला तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आधी फोटो कापून २०० बाय २३० करावा. मग चांगल्या क्वालिटीतही तो ५० केबीत सहसा बसतो.

पीएनजीत छाटणी होत नाही, म्हणून सगळे तिच्यातच ठेवावे का? लोगो, आकृत्या, स्क्रीनशॉट यांना ती उत्तम. निसर्गदृश्याची पीएनजी मात्र जेपेगच्या कितीतरी पट जड होते आणि पाहणाऱ्याला काही जादा मिळत नाही. रंगांचेही तसेच : अ‍ॅडोबी आरजीबीत रंग जास्त मावतात, पण रंगांची नोंद न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो फोटो फिका दिसतो. पडद्यासाठी एसआरजीबीच निवडावे.

एवढे सगळे सांभाळून शेवटी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला, तर ते अ‍ॅप स्वतःच्या हिशेबाने पिक्सेल कमी करते आणि पुन्हा छाटणीही करते. छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलला जोडून पाठवा, आणि मूळ फाइल आपल्याकडे तशीच राहू द्या. एकदा लहान करून त्याच नावाने सेव्ह केलेल्या फोटोतले पिक्सेल परत येत नाहीत.