कझानचं ‘दोनशे वर्षं जुनं’ मेडिकल: त्यात जुनं काय आणि आज कामाचं काय?

नीटचा निकाल लागला की तालुक्याच्या स्टँडसमोर आणि क्लासच्या भिंतींवर रशियातल्या एमबीबीएसचे बॅनर झळकायला लागतात. ‘दोनशे वर्षं जुनं सरकारी विद्यापीठ’ ही ओळ त्यावर ठरलेली, आणि ती बऱ्याचदा कझान या शहराच्या नावापुढे असते. ओळ खोटी नाही. पण त्या दोनशे वर्षांत तिथं काय घडलं आणि आज प्रवेश घेणाऱ्या पोराला त्याचा किती उपयोग, हे बॅनरवर कुणी लिहीत नाही.

कझान हे मॉस्कोच्या पूर्वेला साधारण ८०० किलोमीटरवर, व्होल्गा नदीच्या काठावर वसलेलं मोठं शहर. तातारस्तान या प्रजासत्ताकाची ही राजधानी. तातार मुसलमान आणि रशियन ख्रिस्ती इथं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात, किल्ल्यात मशीद आणि चर्च दोन्ही आहेत. जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली सहज जातो.

इथलं विद्यापीठ झार पहिला अलेक्झांडर याने १८०४ मध्ये काढलं. वैद्यकीय विभाग सुरू झाला १८१४ ला. म्हणजे आपल्याकडे तेव्हा पेशवाई चालू होती. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं १८४५ मध्ये, तीस वर्षांनी. त्यामुळे ‘दोनशे वर्षं’ हा आकडा बरोबरच आहे. रशियात याहून जुनं वैद्यकीय शिक्षण आहे, मॉस्कोच्या सेचेनोव्ह विद्यापीठाचं मूळ १७५८ पर्यंत जातं. पण राजधानीपासून इतक्या लांब, व्होल्गाकाठच्या मुलखात डॉक्टर तयार करणारं ठिकाण म्हणून कझानचं महत्त्व वेगळं होतं.

सुरुवात मात्र खडतर झाली. १८१९ मध्ये मॅग्नित्स्की नावाचा सरकारी अधिकारी तपासणीला आला. इथं धर्माविरुद्ध शिकवलं जातं असं त्याचं म्हणणं. त्याने चक्क विद्यापीठ बंद करून टाकावं असा अहवाल दिला. झारने बंद केलं नाही, पण त्यालाच विद्यापीठाचा कारभारी नेमलं. मग काय व्हायचं ते झालं. प्राध्यापक काढले गेले, शिकवण्यावर पहारा बसला. शरीररचना शिकवायला ठेवलेले मानवी अवयव त्याने प्रार्थना म्हणून स्मशानात पुरायला लावले, असंही सांगतात. डॉक्टरकीच्या पोरांनी शरीर न बघता शरीर शिकायचं! १८२६ ला त्याची हकालपट्टी झाली तेव्हा कुठे विद्यापीठाने मोकळा श्वास घेतला.

त्यानंतर रेक्टर झाले लोबाचेव्हस्की. हे गणितज्ञ, त्यांनी मांडलेली नवी भूमिती पुढे जगभर मान्य झाली. पण कझानच्या जुन्या माणसांना ते आठवायचे कॉलऱ्यासाठी. १८३० मध्ये शहरात कॉलरा आला, तेव्हा त्यांनी प्राध्यापक, विद्यार्थी, नोकर आणि त्यांची कुटुंबं विद्यापीठाच्या आवारात घेतली आणि फाटकं बंद केली. बाहेरच्याला आत सोडायचं नाही, स्वच्छता कडक. रोगाचा जंतू कुणाला माहीत नव्हता त्या काळातली ही गोष्ट. शहरात माणसं पटापट मरत असताना आतल्या पाचशेहून जास्त लोकांपैकी मोजकेच दगावले. २०२० मध्ये ज्यांनी गावाच्या वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लोबाचेव्हस्कींच्याच कारकिर्दीत, १८३७ मध्ये, शरीररचना शिकवण्यासाठी खास इमारत उभी राहिली. ज्या विषयावर मॅग्नित्स्कीने वरवंटा फिरवला होता, त्याच विषयासाठी.

या जागेचं खरं नाव झालं ते इथं काम केलेल्या डॉक्टरांमुळे. १८८५ मध्ये बेख्तेरेव इथं मनोविकारांचे प्राध्यापक म्हणून आले. मेंदू आणि मन यांचा प्रयोगाने अभ्यास करणारी रशियातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी कझानमध्ये काढली. पाठीचा कणा आखडत जाणाऱ्या एका आजाराला रशियात अजूनही त्यांच्याच नावाने ओळखतात. समोइलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं हृदयाचा आलेख काढायला सुरुवात केली, म्हणजे आज तालुक्याच्या दवाखान्यात छातीला वायरी लावून काढतात तोच ईसीजी. रशियात ते काम आधी कझानने केलं.

पण गावच्या माणसाला सगळ्यात जवळचे वाटतील ते अलेक्सांद्र विश्नेव्हस्की. १८९९ ला ते इथूनच डॉक्टर झाले आणि पुढे अनेक वर्षं इथंच शस्त्रक्रिया करत राहिले. त्या वेळी पेशंटला पूर्ण बेशुद्ध करणं जोखमीचं होतं, भूल देणारा जाणता माणूस लहान दवाखान्यात नसायचा. विश्नेव्हस्कींनी नोव्होकेन या औषधाचं अगदी पातळ द्रावण मोठ्या प्रमाणात, थराथराने शरीरात सोडायची पद्धत बसवली. द्रावण पसरत जातं तसा तेवढाच भाग बधिर होत जातो आणि डॉक्टर पुढे कापत जातो. पेशंट जागा. साध्या साधनांत मोठी ऑपरेशनं व्हायला लागली. जखमेसाठी त्यांचं मलमही रशियात घराघरात गेलं. त्यात बर्च झाडाचं डांबर, झेरोफॉर्म नावाची पूड आणि बाकी सगळं एरंडेल. वास असा उग्र की खोलीत कुणी लावलंय हे लगेच कळायचं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर ते फार वापरलं गेलं. आता नवी औषधं आल्यावर डॉक्टर ते सहसा वापरत नाहीत, पण नाव टिकून आहे.

१९३० मध्ये सोव्हिएत सरकारने वैद्यकीय विभाग विद्यापीठातून वेगळा काढून स्वतंत्र मेडिकल इन्स्टिट्यूट केली. १९९४ ला तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेच आजचं कझान स्टेट मेडिकल युनिव्हर्सिटी.

इथंच पालकांनी कान टवकारावेत. ज्या मूळ विद्यापीठातून हा विभाग निघाला, ते आता कझान फेडरल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथंही पुन्हा वैद्यकीय शिक्षण सुरू झालं आहे. म्हणजे एकाच शहरात दोन सरकारी विद्यापीठं, दोन्हीकडे भारतीय मुलं, आणि जुना इतिहास दोघेही सांगतात. दोघांचंही सांगणं आपापल्या परीने खरं आहे. पण शिक्षक वेगळे, दवाखाने वेगळे, फी वेगळी. एजंट नुसतं ‘कझान’ म्हणाला तर प्रवेशपत्रावर पूर्ण नाव कुठलं आहे ते आधी वाचावं.

आता रशियातल्या मानाचं. कझानच्या डॉक्टरला त्यांच्या देशात चांगली किंमत आहे, यात वाद नाही. भारतात मात्र हिशोब वेगळा आहे. रशियाच्या डिप्लोम्यावर एमबीबीएस असं लिहिलेलं नसतं. ती सहा वर्षांची ‘स्पेशालिस्ट’ पातळीची पदवी असते. कुठे तिला एमडी म्हटलं असेल तरी ते आपल्याकडचं एमडी नव्हे, आपल्या हिशोबाने ते एमबीबीएसच्या जागी धरायचं शिक्षण. जायच्या आधी नीट पात्र असावं लागतं. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत झालं पाहिजे, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि परत आल्यावर भारतात पुन्हा १२ महिने. मध्येच कॉलेज बदललं की गाडी अडते. त्या १२ महिन्यांच्या इंटर्नशिपचं काय, हे विद्यापीठाकडून लेखी मागावं. एजंटच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर भागत नाही.

शिवाय इथं येऊन एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. वर्षातून दोनदा, ३०० गुणांची, १५० हवेत. जून २०२४ मध्ये परदेशात शिकलेल्या सगळ्या देशांच्या मुलांमधून शंभरातली साधारण २१ पास झाली. यात हुशार पोरंही अडकतात. कारण प्रश्न इथल्या अभ्यासक्रमाच्या धाटणीचे, आणि शिकलेलं सहा वर्षांपूर्वीचं. संस्थावार निकालाचे आकडे परीक्षा मंडळाने वेळोवेळी जाहीर केले आहेत. ज्या विद्यापीठात पैसे भरायचे, त्याचा आकडा त्यात शोधता येतो.

भाषेचा मुद्दाही बॅनरवर नसतो. कझानमध्ये परदेशी मुलांना वर्गात इंग्रजीतून शिकवतात. पण वॉर्डातली आजी रशियन बोलते, नाहीतर तातार. तिला कुठं दुखतंय हे विचारता आलं नाही तर चौथ्या वर्षापासून पुढचं क्लिनिकल शिक्षण नुसतं उभं राहून बघण्यात जातं. म्हणून पहिल्या वर्षापासून रशियन मन लावून शिकणाऱ्या मुलांना दवाखान्यात जास्त शिकायला मिळतं.

तिथं भारतीय मुलं वाढली, तशी अडचणीला सरकारी दारही जवळ हवं अशी मागणी होती. पूर्वी पासपोर्ट हरवला तरी मॉस्को गाठावं लागे. जुलै २०२४ मध्ये मॉस्कोत बोलताना पंतप्रधानांनी कझान आणि येकातेरिनबुर्ग या दोन शहरांत भारताची वाणिज्य दूतावास कार्यालयं उघडण्याची घोषणा केली.