हिम दूर फेंकणारें यंत्र

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं हिम पाहिलें आहे तें चित्रांत किंवा नाताळच्या शुभेच्छापत्रांवर. तेथें तें कापसासारखें हलकें व शुभ्र दिसतें, आणि खरोखर पडतांनाही तें तसेंच असतें. परंतु ज्या देशांत तें महिनोगणती जमिनीवर पडून राहतें, तेथील लोकांस त्याचें ओझेंही ठाऊक असतें. कॅनडांतील माँट्रियल शहरीं दर हिवाळ्यांत सरासरीनें सुमारें २०० सेंटिमीटर हिम पडतें. शाळा, रुग्णालयें व प्रार्थनामंदिरें यांच्यापुढील फरसबंद पटांगणें सकाळीं मोकळीं झालीं नाहींत, तर रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब दारापर्यंत येऊं शकत नाहीं. आणि पायांखालीं तुडविलेलें हिम गोठून त्याचा निसरडा बर्फ झाला, म्हणजे वृद्ध माणसें पडून त्यांचीं हाडें मोडतात. असें विस्तीर्ण पटांगण एकटा मनुष्य यंत्राच्या साह्यानें कसें मोकळें करितो, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम थोडें गणित करूं. पटांगण ५० मीटर लांब व ३० मीटर रुंद आहे आणि रात्रींतून त्यावर २० सेंटिमीटर हिम पडलें आहे, असें समजा. त्याचें घनफळ ३०० घनमीटर झालें. ताज्या, कोरड्या हिमाच्या एका घनमीटराचें वजन १०० किलोग्रॅम धरिलें, तर एकंदर ओझें ३०,००० किलोग्रॅम, म्हणजे ३० टन भरतें. हिम ओलें असल्यास हेंच ओझें दुप्पट-तिप्पट होतें. एका फावड्यांत ५ किलोग्रॅम हिम येतें असें मानिल्यास, माणसास ६,००० वेळां वांकावें लागेल! कडक थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यांत हे कष्ट. त्यामुळें फावड्यानें हिम उपसतांना हृदयविकाराचा झटका येऊन माणसें दगावल्याचे प्रसंग अशा देशांत वारंवार घडतात.

या अडचणीवर उपाय शोधणाऱ्यांत क्वेबेक प्रांतांतील आर्थर सिकार यांचें नांव प्रमुख आहे. ते दूधव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याचे पुत्र. हिमानें रस्ते बंद झाले कीं दूध शहरांत पोंचत नसे. शेतांतील मळणीयंत्र पाहून त्यांस कल्पना सुचली कीं, ज्या रीतीनें हें यंत्र पीक आंत ओढून घेतें व भूस बाहेर फेंकतें, त्याच रीतीनें हिम कां फेंकितां येऊं नये? पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर १९२५ सालीं त्यांनीं मोटारीवर बसविलेलें आपलें यंत्र सिद्ध केलें, आणि १९२७ सालीं माँट्रियलजवळच्या उत्रमाँ गांवानें तें विकत घेतलें. माणसानें मागून चालत चालवावयाचीं लहान यंत्रें १९५० नंतर प्रचारांत आलीं.

इंग्रजींत या यंत्रास ‘स्नो ब्लोअर’, म्हणजे हिम फुंकणारें, असें म्हणतात. पण वस्तुतः तें फुंकीत नाहीं, फेंकतें. पुढें सुमारें ७० सेंटिमीटर रुंदीची उघडी पेटी असते. तींत आडव्या दांड्यावर मळसूत्राप्रमाणें पिळलेलें पोलादी पातें सावकाश फिरतें आणि दोन्ही बाजूंचें हिम मध्यभागीं आणितें. तेथें मागें बसविलेला वेगवान पंखा तें उचलून वरच्या नळकांड्यांतून दहा मीटर किंवा त्याहूनही लांब भिरकावतो. नळकांडें हव्या त्या दिशेस वळवितां येतें. चाकेंही एंजिनच फिरवितें. माणसानें मागें चालून दिशा तेवढी द्यावयाची. पात्यांत दगड अडकल्यास एक लहानशी खिळी मुद्दाम मोडावी अशी योजना असते; ती मोडते आणि आंतील मोलाचीं दंतचक्रें वांचतात.

तथापि यंत्र हातीं आलें म्हणजे काम झालें, असें नव्हे. हिवाळ्यापूर्वींच पटांगणांतील दगड, गज, दोऱ्या उचलून ठेवाव्या लागतात व कडेनें काठ्या रोवाव्या लागतात. कारण हिम पडल्यावर कड कोठें आहे हें दिसत नाहीं. नंतर मुख्य प्रश्न असा कीं आरंभ कोठून करावा? नवशिका मनुष्य एका कडेपासून आरंभ करून हिम समोरच्या कडेकडे फेंकूं लागतो. पण पटांगण ३० मीटर रुंद आणि फेंक दहा मीटरांची! म्हणजे तेंच हिम तीन वेळां फेंकावें लागतें, आणि फेंकलेलें हिम दाबून अधिक जड होतें. म्हणून जाणता मनुष्य मधोमध आरंभ करितो. नळकांडें उजवीकडे वळवून तो सरळ टोंकापर्यंत जातो, आणि परततांना डाव्या हाताच्या लगतच्या पट्टींतून येतो. तोंड फिरल्यामुळें त्याची उजवी बाजू आतां दुसऱ्या कडेकडे झालेली असते. अशा रीतीनें नळकांडें न हलवितां हिम आळीपाळीनें दोन्ही कडांस जातें, आणि मोकळी जागा मधून बाहेर वाढत जाते. जोराचा वारा असेल तर मात्र शक्य तों वाऱ्याच्या दिशेसच फेंकावें. नाहीं तर फेंकलेलें हिम तोंडावरच परत येतें.

प्रत्येक फेरा मागील फेऱ्यावर दहा सेंटिमीटर चढवावा लागतो. म्हणजे एका फेऱ्यांत ६० सेंटिमीटर जागा मोकळी होते. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: पन्नास फेरे, २,५०० मीटर चालणें, आणि ताशीं दोन किलोमीटर वेगानें सव्वा तास. एंजिन पूर्ण वेगानें चालवावें, पाय मात्र सावकाश टाकावे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओलें हिम नळकांड्यांत घट्ट बसून तें तुंबतें. हात गारठलेले, काम थोडेंच उरलेलें, आणि मन घाईला आलेलें असतें. अशा क्षणीं मनुष्य हात आंत घालतो. अमेरिकेंत दरवर्षीं हजारों माणसें या यंत्रानें जखमी होतात, आणि कित्येकांचीं बोटें कायमचीं जातात. एंजिन बंद केल्यावरही रबरी पट्ट्यांत ताण उरलेला असूं शकतो. तुंबलेलें हिम सुटतांच पंखा एकदम गिरकी घेतो, आणि हात मागें घेण्यास अवधि मिळत नाहीं. म्हणून नियम एकच: एंजिन बंद करावें, सर्व फिरणें थांबूं द्यावें, आणि मग काठीनेंच हिम काढावें. हात आंत कधींही घालूं नये.

आमच्या पालकांपैकीं कित्येकांचीं मुलें आज थंड देशांत संसार करीत आहेत. त्यांच्या दारींही हें यंत्र असेल. त्यांची खुशाली विचारितांना काठीची ही गोष्ट अवश्य विचारावी. तीस टन ओझें सव्वा तासांत हलविणारें यंत्र माणसानें निर्माण केलें, ही त्याच्या बुद्धीची थोरवी खरी. पण गेलेलें एक बोट परत आणण्याचें सामर्थ्य त्या बुद्धींत नाहीं. देवानें दिलेले हात घाईच्या एका क्षणापासून सांभाळणें, हें ज्याचें त्यालाच करावें लागतें.