नेटिव्ह हेडर फाइल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जावा प्रोग्राममधून सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले फंक्शन बोलवायचे असेल, तर त्याचे नाव काय, त्याला काय द्यायचे आणि ते काय परत देणार, यावर दोन्ही बाजूंचे एकमत लागते. हे एकमत सी-च्या बाजूने हेडर फाइलमध्ये नोंदवलेले असते. जावाच्या क्लासवरून ती फाइल तयार करून देणारी कमांड म्हणजे जावा-एच. जावा नेटिव्ह इंटरफेस, म्हणजे जेएनआय, १९९७ साली जेडीके १.१ बरोबर आला आणि पुढची वीस वर्षे जावा-एच त्याच्या सोबतीला राहिली. आज ती जेडीकेमध्ये नाही. पण जुन्या पुस्तकांत आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत ती अजून आहे, आणि तिच्याबद्दलचे बरेचसे गैरसमज तिथूनच पुढे चालत आले आहेत.

पहिला समज असा की ही कमांड सी-चा कोड लिहून देते. ती फक्त घोषणा लिहिते. एक उदाहरण घेऊ. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हा व्यास मीटरमध्ये घेऊन परीघ काढणारे फंक्शन सी-मध्ये लिहायचे आहे असे धरू. (एवढ्याशा गणिताला सी-ची गरज नाही, पण उदाहरण छोटेच बरे.) जावामध्ये ‘बुलढाणा’ पॅकेजात ‘लोणार’ नावाचा क्लास आणि त्यात ‘परीघ’ ही नेटिव्ह मेथड, तिन्ही नावे रोमन लिपीत टाइप केलेली. हेडरमध्ये त्यापोटी एकच ओळ येते: फंक्शनचे नाव ‘जावा_बुलढाणा_लोणार_परीघ’, उत्तराचा प्रकार जेडबल आणि कंसात तीन प्रकार. मेथडला आकडा एकच द्यायचा असताना तीन कुठून आले, असा प्रश्न हमखास पडतो. पहिला जेएनआयच्या सोयींकडे नेणारा पॉइंटर, दुसरा ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली तो ऑब्जेक्ट, आणि तिसरा आपला व्यास. मेथड स्टॅटिक असेल तर दुसऱ्या जागी ऑब्जेक्टऐवजी क्लास येतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असली म्हणून शेत आपोआप पेरले जात नाही. तसेच परिघाचे गणित प्रोग्रामरलाच वेगळ्या सी फाइलमध्ये लिहावे लागते.

दुसरा समज याच्या उलट टोकाचा: हेडर नसेल तर नेटिव्ह मेथड चालणारच नाही. प्रोग्राम चालताना जावाची आभासी यंत्रणा, म्हणजे जेव्हीएम, हेडर फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. लोड झालेल्या लायब्ररीत अपेक्षित नावाचे फंक्शन आहे की नाही, एवढेच ती तपासते. नाव हाताने अचूक टाइप केले तर हेडरविना सगळे सुरळीत चालते. ‘रजिस्टर नेटिव्ह्ज’ ही सोय वापरली तर ठरावीक पद्धतीच्या नावाचेही बंधन उरत नाही. मग हेडर कशाला? एक कारण सी++ मध्ये दिसते. सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावाला स्वतःची शेपटी जोडतो, मग जेव्हीएमला ते नाव सापडत नाही आणि ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ येते. हेडरमध्ये हा बदल रोखणारी सूचना आधीच लिहिलेली असते. ज्यांनी हेडर जोडले नाही, ते सी++ ला दोष देत बसतात.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे, आणि सगळ्यात घातक गैरसमजही तिथेच आहे: हेडर एकदा काढले की काम झाले. समजा, व्यास पूर्णांक न ठेवता दशांशात घ्यायचे ठरले. जावामध्ये इंटच्या जागी डबल केले, पण हेडर पुन्हा काढले नाही आणि सी-ला हात लावला नाही. फंक्शनचे नाव बदललेले नाही, कारण एकाच नावाच्या दोन नेटिव्ह मेथड नसतील तर नावात प्रकारांचा उल्लेख येत नाही. जेव्हीएमला नाव सापडते आणि प्रोग्राम चालू होतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर पूर्णांक एका प्रकारच्या रजिस्टरमधून जातात आणि दशांश संख्या दुसऱ्या प्रकारच्या. जावा १८०० हा आकडा एकीकडे ठेवते, सी दुसरीकडे शोधते आणि तिथे जे काही पडलेले असेल ते उचलते. परीघ ५,६५५ मीटरच्या आसपास यायला हवा, तो काहीही येऊ शकतो. एरर नाही, इशारा नाही. तेच हेडर पुन्हा काढून सी फाइलला जोडले असते, तर कंपायलरने प्रकार जुळत नाहीत म्हणून तिथेच अडवले असते. हेडरच्या पहिल्याच ओळीत ही फाइल यंत्राने तयार केली आहे, तिच्यात फेरफार करू नका, अशी तंबी असते, ती यासाठीच. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते, आणि तोवर ती दोन बाजूंमधला विसंवाद झाकून ठेवते.

जावा-एच मूळ जावा फाइल वाचते, हा समजही जुनाच. ती वाचत असे कंपाइल झालेली क्लास फाइल, आणि तिला फाइलचा पत्ता नव्हे तर पॅकेजसकट क्लासचे पूर्ण नाव द्यावे लागे. विद्यार्थी ‘बुलढाणा’ फोल्डरच्या आत शिरून नुसते ‘लोणार’ म्हणत आणि क्लास सापडत नाही असे उत्तर मिळवत. खरे तर त्या फोल्डरच्या एक पायरी वर उभे राहून ‘बुलढाणा डॉट लोणार’ म्हणायचे असते.

आता तर टर्मिनल ‘कमांड सापडली नाही’ एवढेच सांगते. त्यावर जेडीके पुन्हा टाकणे, पाथ दुरुस्त करणे, संगणक बंद करून चालू करणे असे सगळे उपाय होतात. बिघाड मात्र काहीच नसतो. २०१४ मध्ये जेडीके ८ ने हेच काम जावा-सी या कंपायलरलाच ‘एच’ या पर्यायाने शिकवले, जेडीके ९ ने जावा-एच जाणार असल्याची सूचना दिली आणि मार्च २०१८ मध्ये जेडीके १० मधून ती काढली गेली. नव्या पद्धतीत कंपायलर मूळ जावा फाइल वाचतो आणि एकाच फेरीत क्लास व हेडर दोन्ही देतो. हेडर कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते पर्यायापुढे लिहायचे असते. एक फरक मात्र चकवतो. क्लासमध्ये एकही नेटिव्ह मेथड नसेल तर जावा-सी हेडर काढतच नाही. फक्त स्थिरांक सी-कडे पोहोचवायचे असतील तर त्यांच्यावर ‘नेटिव्ह’ हे अ‍ॅनोटेशन लावावे लागते.

हेडर निघाले, पण सी कंपाइल करताना ‘जेएनआय डॉट एच’ सापडत नाही अशी तक्रार आली, तर आपलेच हेडर चुकले असे वाटते. ही फाइल जेडीकेच्या ‘इन्क्लूड’ फोल्डरमध्ये असते आणि तिला लागणारी दुसरी फाइल त्याच्या आतल्या, लिनक्स किंवा विंडोजसाठीच्या उपफोल्डरमध्ये. कंपायलरला दोन्ही पत्ते द्यावे लागतात.

देवनागरीबाबत दोन समज रूढ आहेत. क्लासचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही, हा पहिला. जावाला ‘लोणार’ हे नाव रोमनमध्ये न लिहिता थेट देवनागरीत चालते, काना-मात्रांसकट. पण सी-साठी नाव बनवताना प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी अंडरस्कोर, शून्य आणि त्याचा चार अंकी युनिकोड क्रमांक येतो. ‘ल’ चे होते _००९३२, ‘ण’ चे _००९२३, ‘र’ चे _००९३०. हे हाताने टाइप करण्याच्या फंदात कोणी पडू नये. अशा नावांसाठी तरी हेडर काढावेच. शिवाय जेडीके १८ च्या आधीच्या आवृत्तीत, विशेषतः विंडोजवर, फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे जावा-सीला वेगळे सांगावे लागते, नाहीतर नावाचा विचका होतो.

दुसरा समज असा की हेडरमध्ये जेस्ट्रिंग दिसले म्हणजे ती सी-ची स्ट्रिंगच. ती जावाच्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारी खूण असते, मजकूर मागून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर परत करावा लागतो. ‘लोणार’ या शब्दाची लांबी जावा ५ सांगते: ल, ओकार, ण, काना, र. तोच शब्द जेएनआयच्या यूटीएफ फंक्शनमधून घेतला की १५ बाइट होतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पाचावर एक अशी सहा बाइटांची जागा ठेवणारा सी प्रोग्राम पलीकडची मेमरी खराब करतो. मोडी लिपीची गंमत आणखी वेगळी. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या या लिपीचे एक अक्षर नेहमीच्या यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांचे असते, पण जेएनआयच्या सुधारित यूटीएफ-८ मध्ये सहा बाइटांचे. ते तसेच फाइलमध्ये लिहिले तर दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येत नाही.

आकड्यांतही अशीच फसगत होते. जावाचा लाँग नेहमी ६४ बिटांचा; सी-चा लाँग ६४ बिटांच्या लिनक्सवर तेवढाच, पण विंडोजवर ३२ बिटांचा. हेडरमध्ये जेलाँग लिहिलेले असते ते याच कारणाने, आणि सी-मध्येही तेच लिहावे.

सी-मध्ये लिहिले की वेग वाढतोच, हे विधान सरसकट खरे नाही. जावातून सी-मध्ये जाण्या-येण्याचा खर्च असतो आणि जेव्हीएमला नेटिव्ह फंक्शन आपल्या कोडमध्ये विरघळवून टाकता येत नाही. परिघासारखे एका गुणाकाराचे काम जावातच लवकर होईल. नेटिव्ह कोडचा खरा उपयोग आधीच तयार असलेल्या लायब्ररीपर्यंत पोहोचण्यासाठी असतो. उदाहरणार्थ, जावाच्या खिडकीत ‘चिखली’ हा शब्द उमटतो तेव्हा साठवताना ‘च’ नंतर असलेली वेलांटी त्याच्या डावीकडे न्यावी लागते. २०१७ च्या जेडीके ९ पासून हे काम हार्फबझ या सी++ मधील लायब्ररीकडे आहे. जावात ते सगळे नव्याने लिहिण्यापेक्षा तिला बोलावणे सोपे.

मार्च २०२४ च्या जेडीके २२ मध्ये परकीय फंक्शन बोलवण्याची नवी सोय पक्की झाली आणि तिच्यासाठी ‘जेएक्स्ट्रॅक्ट’ हे साधन आहे. त्याला जावा-एचचा वारस म्हटले जाते, पण त्याची दिशा उलटी आहे: ते सी-चे हेडर वाचून जावाचा कोड तयार करते. ते जेडीकेबरोबर येत नाही, वेगळे उतरवून घ्यावे लागते. जेएनआयही गेलेला नाही. २०२५ च्या जेडीके २४ पासून नेटिव्ह लायब्ररी लोड करताना इशारा छापला जातो, पण ती एरर नसते. प्रोग्राम पुढे चालतो, आणि नेटिव्ह वापराला परवानगी देणारा पर्याय लावला की इशाराही थांबतो.