मंगळवेढ्याचा धावा

संकटात देवाला घातलेल्या सादेला मराठीत ‘धावा’ म्हणतात, आणि हा शब्द मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. कारण धावा करतो तो माणूस, पण शब्दात जे धावणे आहे ते देवाचे. या शब्दाचे मूळ उदाहरण म्हणून आपले कीर्तनकार द्रौपदीकडे बोट दाखवतात. पाच पराक्रमी पती खाली मान घालून बसलेले, भीष्म-द्रोण निरुत्तर, विदुर-विकर्णांच्या बोलण्यास कोणी भीक न घातलेली, अशा सभेत जोवर ती स्वतःच्या हाताने पदर धरून होती तोवर कृष्ण आला नाही, हात सुटले तेव्हा आला, असे ते रंगवून सांगतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली आरंभून 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत मात्र हा धावा मूळ संहितेत नाही. वस्त्रे वाढतात, पण कृष्णाला हाक नाही. पंडितांनी ती तळटीपांत टाकली खरी; कीर्तनातून ती काढण्याची कोणाची छाती नाही.

महाराष्ट्रात धाव्याचा खरा हिशोब मांडायचा तर सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे या एकाच गावी जावे. पंढरपूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरांवरच्या या गावाने चोखामेळा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा असे तीन संत दिले. तिघांनीही एकाच विठोबाला हाक मारली, आणि तिघांना मिळालेली उत्तरे इतकी निरनिराळी आहेत की ती शेजारी ठेवून वाचण्याचे आपण सहसा टाळतो.

सर्वांत लाडके उत्तर दामाजीपंतांचे. बिदरच्या बहामनी सुलतानाचा अंमल असताना, 1460 च्या सुमारास, जो घोर दुष्काळ पडला त्याला लोक दामाजीपंतांचाच दुष्काळ म्हणतात. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी आजही नावाजलेली. त्या ज्वारीने भरलेली सरकारी कोठारे या कामदाराने बादशाही हुकुमावाचून उपाशी रयतेला खुली केली, हाताखालच्या मुजुमदाराने बिदरला तक्रार गुदरली, आणि पंतांना पकडून आणण्याचे फर्मान सुटले. ज्यांची पोटे त्या ज्वारीने भरली त्यांतला एकही इसम पंतांना जामीन राहण्यासाठी बिदरकडे निघाल्याचे कथेत दिसत नाही. निघाला तो विठ्ठल. तोही शंखचक्र घेऊन नव्हे, तर विठू महार होऊन, खांद्यावर घोंगडी, हाती काठी, मुखी जोहार. त्याने धान्याची किंमत खजिन्यात भरली, शिक्क्याची रसीद घेतली आणि ती पंतांच्या नित्यपाठाच्या पोथीत नेऊन ठेवली.

ही रसीद मला सर्व चमत्कारांहून मोलाची वाटते. भक्तविजयात 1762 साली ही कथा ओवीबद्ध करणारे महिपती हे राहुरीजवळच्या ताहराबादचे कुलकर्णी. जहागीरदाराच्या शिपायाने पूजेतून उठवल्यावर त्यांनी चाकरीची लेखणी देवापुढे ठेवली ती कायमची, असे सांगतात. वसुली, बाकी आणि झडती म्हणजे काय हे ज्याने दप्तरात बसून पाहिले होते, त्याच्या कथेतला देव रक्कम भरतो आणि भरल्याचा कागद मागून घेतो, यात नवल नाही. नुसत्या कृपेवर कोणता मुजुमदार विश्वास ठेवणार?

कान्होपात्रेचे उत्तर इतके चोख नाही. श्यामा नावाच्या गणिकेची ही रूपवती कन्या. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरीचा आसरा घेतला, आणि शिपाई देवळापर्यंत आल्यावर विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला. दक्षिण दरवाज्यापाशी तिला पुरले, तेथे तरटीचे झाड उगवले. बालगंधर्वांच्या कंपनीने 1931 साली ‘संत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणले आणि प्रेक्षकांनी डोळे पुसले. सुटका झाली असे म्हणावे, तर ती मरणाने झाली.

आणि चोखोबा. दामाजीपंतांच्या दुष्काळापूर्वी सव्वाशे वर्षांच्या आसपास, 1338 साली, मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर हा विठ्ठलाचा अनन्य भक्त गाडला गेला. देव धावला नाही. नामदेवांनी मागाहून येऊन हाडे शोधली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची असे ओळखले आणि पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ही कथा करुणरम्य आहे, पण ती बचावाची नव्हे, उत्खननाची आहे. गावाच्या रक्षणाची भिंत ज्यांना गावात राहण्याची मुभा नव्हती त्यांच्या अंगावर पडली, एवढी वस्तुस्थिती तिच्या मुळाशी उरतेच.

भाविकांना बोचेल, पण लिहिले पाहिजे. दामाजींच्या कथेत देव महाराचे रूप घेऊन बादशहाच्या दरबारात बिनदिक्कत शिरतो. खुद्द चोखोबाला मात्र त्याच देवाच्या राऊळात पाऊल टाकता आले नव्हते. ज्या लोकांनी विठू महाराची कथा डोळ्यांत पाणी आणून ऐकली, त्यांनीच गावातल्या महाराला वेशीबाहेर ठेवले, आणि हे दोन्ही एकाच श्रद्धेच्या पोटी चालले. विठू महाराच्या कथेत समाजाच्या मनाला सलणारे काही देणे फेडलेले असावे, असे मला वाटते. लोकांनी जे केले नाही ते त्यांनी देवाकडून करवून घेतले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने आपल्या अभंगांत देवाला हीन जन्माबद्दल रोकडे सवाल केले आहेत, आणि घरचा माणूस म्हणून त्याची साक्ष मी महिपतींच्या साक्षीआधी रुजू करून घेईन. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मुळाच्या शोधावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यातही हीच साक्ष आहे.

पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभल्यावर. म्हणजे चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी, आणि तेही माणसाने माणसांपाशी केलेल्या धाव्याने. चोखोबांची समाधी मात्र होती तेथेच, नामदेव पायरीसमोर, देवळाबाहेर आहे. पुढल्या वारीहून परतताना वाट वाकडी करून मंगळवेढ्याला जाल, तर दामाजीपंतांच्या मंदिरात हात जोडून झाल्यावर, ते गावकूस कोठे होते तेही कोणाला तरी विचारा.